रिकामा आनला का?

दुकानात आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणायची मेहरून चाचींची रीत नव्हती. अकोल्याच्या ताजनापेठेत, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फ्रीजच्या गॅसचं दुकान होतं. उंबऱ्यावर कुणाची सावली पडली की आतून, हातातला अडकित्ता न थांबवता, एकच प्रश्न यायचा, "रिकामा आनला का?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हा प्रश्न मला नीट ऐकूच आला नाही. अमरावतीहून सकाळच्या एसटीने आलो होतो, अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. आल्या आल्या बाई आपल्याला 'रिकामा आला का' विचारते म्हणजे काय! माझा पारा चढला. मी म्हणालो, "रिकामा कशाला येईन? चांगला धंदा आहे माझा. अमरावतीला फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे, राजकमल चौकाजवळ."

"धंदा हाये तं सिलिंडर कुठी हाये?" चाची म्हणाल्या. मी दोन्ही हात पुढे केले. हातात जेवणाचा डबा होता, दुसरं काही नव्हतं. चाचींनी आतल्या अंधाराकडे मान वळवली. तिथे त्यांचे यजमान, हबीब चाचा, एक जुना कॉम्प्रेसर उघडून बसले होते. "ऐकलं का जी? हा सिलिंडर नाई आनला म्हनते. हा तं खुदच रिकामा हाये!"

दुकानात त्या वेळी बाळापूरचे दोन मेकॅनिक होते. ते इतके हसले की एकाच्या तोंडातलं पान सांडलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्यातला एक जण मला बसस्टँडवर दिसला की लांबून ओरडायचा, "काय भाऊ, रिकामे काय?"

चाचींच्या दुकानाचा कायदा साधा होता. गॅस संपलेला सिलिंडर आणा, भरलेला घेऊन जा. रिकामा नसेल तर भरलेला नाही, मग तुम्ही कलेक्टर का असेनात. दाराशी एक काटा होता. त्यावर सिलिंडर चढवायचा तो गिऱ्हाइकानेच. आधी रिकाम्याचं वजन, मग तोच भरून पुन्हा. मधला फरक तेवढा गॅस, आणि तेवढ्याचेच पैसे. मी अमरावतीत ज्याच्याकडून गॅस घ्यायचो तो भाव कमी लावायचा आणि जाड पत्र्याचा सिलिंडर द्यायचा. म्हणजे इतके दिवस मी लोखंड विकत घेत होतो आणि भाव कसा पाडून आणला म्हणून घरी बायकोला ऐकवत होतो.

"भाव माया हातात नाई, वजन माया हातात हाये," हे चाचींचं ठरलेलं वाक्य. मुंबईहून भाव वाढून आला की त्या वाढवायच्या, उतरला की त्याच दिवशी उतरवायच्या. घासाघीस केली तर अडकित्ता खाली ठेवून म्हणायच्या, "कमी भावात पायजे? देतो न. अर्धा गॅस नेय, अर्धी हवा नेय. हवा फुकट हाये."

आता माझ्याविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे, कारण त्याशिवाय चाचींनी मला काय नाव ठेवलं आणि का, ते कळणार नाही. आमच्या घरात आजोबा वकील, वडील वकील. मीही कायद्याला गेलो होतो. दुसऱ्या वर्षात मन असं रमलं की तिथून पुढे जावंसंच वाटेना. शेवटी कॉलेजला माझा कंटाळा आला, मग मी फ्रीज-एसी दुरुस्तीचा कोर्स केला. वडील ओळख करून देताना म्हणायचे, "आमचे अनंतराव. कायदा सोडला, बर्फ धरला."

हे सगळं मी चाचींना दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं. सांगायला नको होतं. त्या दिवसापासून मी 'वकील' झालो. आणि त्या दिवसापासून त्यांनी एक प्रश्नही सुरू केला. दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत चाचांच्या नावाचं लायसन लावलेलं होतं. चाची रोज सकाळी पदराने ती काच पुसायच्या. "पुसायचं काम मायं, नाव यायचं," असं म्हणून चाचांकडे बोट दाखवायच्या, आणि मग मला विचारायच्या, "वकील, बाईच्या नावानं लायसन भेटते का रे?"

"बघावं लागेल," मी गंभीर चेहरा करून म्हणायचो.

"पाह्य न मंग."

मी काही पाहिलं नाही. मला वाटायचं गंमत करताहेत. चाचा आतून हसायचे आणि म्हणायचे, "दे दो भई वकील साब, इनके नाम कर दो. वैसे भी सब इनका ही है." त्यावर चाची म्हणायच्या, "सब मायं हाये तं कागदात काहून नाई?" मूल नव्हतं त्यांना. ते दुकान होतं आणि ती काच होती.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट होती. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, रोज पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव आणि त्याखाली काय बातमी असणार ते उघडायच्या आधीच ठाऊक. माझ्या धंद्यात ते वेगळ्या तऱ्हेने दिसायचं. लोकांचे फ्रीज बिघडायचे आणि लोक ते दुरुस्तच करायचे नाहीत. वलगावला एकांकडे फ्रीज बघायला म्हणून गेलो, दार उघडलं तर खालच्या कप्प्यात तुरीची डाळ, वरच्यात मुलीच्या लग्नातले शालू, आणि बर्फाच्या खणात घरातली औषधं. मी मान डोलावून म्हणालो, "गॅस गेलाय." माउली म्हणाल्या, "गॅस जाऊन दोन दिवाया झाल्या भाऊ. आमी तुमाले दाराची कडी बसवाले बोलावलं. डायीत उंदीर जाते."

त्यात जुन्या फ्रीजला लागणारा बारा नंबरचा गॅस सरकार बंद करत आणत होतं. माल कमी झाला, भाव वर गेला. अशा वेळी एक माणूस मोटरसायकलवर माझ्या दुकानाशी आला. दिल्लीचा माल, म्हणाला, एकदम असली. भाव ऐकून मला गहिवरून आलं. सिलिंडर पांढरा शुभ्र, त्यावर चकचकीत लेबल. मी शिकलेला माणूस, लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात काय लिहिलंय ते पाहिलं, सिलिंडरमध्ये काय आहे ते पाहायला कुणी सांगितलं होतं?

तो सिलिंडर घेऊन चांदूर रेल्वेला एका लस्सीवाल्याकडे गेलो. गॅस भरला, फ्रीज मस्त थंड झाला, लस्सीवाल्याने मला वर मलई घालून पेला दिला. पण एका सांध्यातून गळती वाटली म्हणून नळीला झाळ लावायला टॉर्च पेटवली आणि भस्सकन जाळ उठला. फ्रीज वाचला, दुकान वाचलं. डाव्या बाजूची मिशी गेली. लस्सीवाला बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, आता दुसरीबी काढून टाका. अशी बरी नाई दिसत."

दुसऱ्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून अकोल्याला गेलो. चाचींनी तो सिलिंडर हातात घेतला, चावी किंचित सैल करून वास घेतला आणि परत माझ्या हातात दिला. "घरी ने. बायकोले दे. म्हन, यावर भाजी टाक." त्यात अर्ध्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस होता.

माझा पडलेला चेहरा बघून मात्र त्या लगेच नरमल्या. "अबे, लाजून काय राहिला? आमी बी घेतला होता एक. पाह्य यायच्याकडे." हबीब चाचांनी कामातून मान वर केली. इतकी वर्षं मी त्या माणसाला बघत होतो, पण त्यांना भुवया नाहीत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जिथे भुवया असायला पाहिजेत तिथली कातडी त्यांनी वर उचलली आणि हसले. मग चाचींनी चहा मागवला. त्या दुकानात मला मिळालेला तो पहिला चहा.

कायद्याची माझी समजही अशीच होती. सिलिंडर अकोल्याहून न्यायचा म्हणजे एसटीनेच, असं मी धरून चाललो होतो. एकदा चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरने विचारलं, "काय हाये?"

"तबला," मी म्हणालो.

त्याने बोटाने टिचकी मारली. टण्ण. "लोखंडाचा तबला?" तो म्हणाला. सगळी बस माझ्याकडे वळली. मूर्तिजापूरला मला आणि तबल्याला खाली उतरवलं. चाचींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं केलं त्यानं. मानसाच्या गाडीत सिलिंडर नेते का कोनी? तू वकील हायेस न? नियम वाच न बाप्पा." त्यानंतर माझा माल ट्रान्सपोर्टने यायला लागला.

आणि मग हबीब चाचा गेले. दुपारी कॉम्प्रेसर उघडून बसले होते, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं.

चाची इद्दतीत बसल्या. ते दिवस पुरे होईपर्यंत त्या घराबाहेर पडणार नव्हत्या आणि दुकानाचं शटर बंद राहणार होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचे दीर, जब्बारभाई, दारात भेटले. त्यांच्याकडून निरोप आत गेला, निरोप बाहेर आला. परत जाताना मी दुकानावरून गेलो. शटरसमोर रिकाम्या सिलिंडरची रांग लागलेली होती. बाळापूरवाल्यांचा, अंजनगाव सुर्जीच्या एका मेकॅनिकचा, आणि आणखी कुणाकुणाचे. प्रत्येकावर खडूने नाव. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. चाचीकडे काय घेऊन यायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तेच घेऊन आले आणि ठेवून गेले. मी त्या दिवशी हात हलवत आलो होतो. पुन्हा एकदा खुदच रिकामा.

इद्दत संपल्यावर चाची दुकानाशी आल्या, ती रांग बघितली आणि म्हणाल्या, "इतके? मंग तं उघडाच लागते." शटर वर गेलं. पण आत भिंतीवर चाचांच्या नावाचं लायसन होतं आणि त्याची मुदत सरत आली होती. जब्बारभाई वाईट माणूस नव्हते, पण त्यांना त्या जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. ते म्हणाले, "भाभी, लायसन भाई के साथ गया. औरत के नाम पर गॅस का लायसन मिलता ही नहीं. मैंने पूछा है."

चाचींनी त्यांना काही उत्तर दिलं नाही. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चाची मला म्हणाल्या, "वकील, आता गंमत नाई. भेटते का, नाई भेटत?" अडकित्ता बाजूला पडलेला होता. लायसन मिळालं नाही तर ते शटर कायमचं खाली येणार, आणि ही बाई दिराच्या घरात एका खोलीत सुपारी कातरत बसणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमजलं.

"मिळवून देतो," मी म्हणालो. असं बोलायला मला कधीच अडचण आली नाही.

घरी येऊन वडिलांच्या कपाटातले जुने मसुदे काढले. इंग्रजीत असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. त्यात माझी अक्कल अशी चालली, लायसन ज्याच्या नावावर, नूतनीकरणाचा अर्ज त्यानेच करायला हवा. कायदा म्हणजे कायदा. म्हणून अर्जदार म्हणून लिहिलं, हबीब चाचा. खाली 'करिता' लिहून चाचींची उर्दूतली सही घेतली. चाचा वारल्याचं त्यात कुठेच लिहिलं नाही, कारण ते वाचून त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं. कुणाला वाईट वाटेल, ऑफिसला? ते मला आजही सांगता येणार नाही.

काही दिवसांनी नागपूरच्या ऑफिसचं पत्र आलं. चाचींनी निरोप पाठवून मला बोलावलं. पत्र हबीब चाचांच्या नावाने होतं. सहीत फरक दिसतो, तरी अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.

मी ते मराठीत वाचून दाखवलं आणि दाखवता दाखवता मला समजलं मी काय करून ठेवलंय. चाची माझ्याकडे बघत होत्या.

"वकील," भिंतीवरच्या चाचांच्या लायसनकडे बोट करून त्या म्हणाल्या, "यायले आता नागपूरले कोन नेते? तू नेते का?"

आणि त्या हसायला लागल्या. चाचा गेल्यानंतर त्या हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, काट्याला धरून हसल्या. मग ते पाणी थांबेना, आणि त्यातलं हसणं कधी संपलं आणि रडणं कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मीही रडलो. गिऱ्हाईक दाराशी आलं, त्याने आम्हा दोघांना पाहिलं, हातातला रिकामा उंबऱ्यावर ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेलं.

चाचांना नेता येणार नव्हतं, म्हणून आम्ही दोघं गेलो. मी वडिलांचा काळा कोट घातला होता. चाची बुरख्यात, आणि हातात पिशवी. गाडी सुटल्यावर त्या पिशवीतून मला लोखंडाची कड दिसली.

"चाची, हे काय?"

"रिकामा."

"अहो, आपण ऑफिसात चाललोय!"

"गॅसच्याच ऑफिसात चाल्लो न? मंग रिकाम्या हातानं काहून जायचं?"

ऑफिसच्या दारावरच्या शिपायाने पिशवी उघडली आणि त्याचा चेहरा पडला. मी काळ्या कोटात पुढे झालो, त्याला पाच-सहा कलमं सांगितली, त्यातलं एकही गॅसचं नव्हतं. शेवटी चाचींनी त्याला सिलिंडर उचलायला लावला. "उचल. रिकामा हाये का नाई?" त्याने उचलला, हलका लागला, आणि आम्हाला आत सोडलं.

आत टेबलाशी एक पोक्त बाई होत्या. त्यांनी आमचा अर्ज काढला, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "आपण वकील?"

"म्हणजे... वकिलाचा मुलगा."

"बरं. अर्जदार कुठे आहेत?"

चाची म्हणाल्या, "कब्रस्तानात."

त्या बाईंनी अर्ज खाली ठेवला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. चाचींनाच जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, सावकाश, घरातल्या माणसाला सांगावं तसं. लायसन माणसाबरोबर जातं हे खरं, पण दुकान चालवणाऱ्यावर लगेच कारवाई होत नाही. त्याला नवा अर्ज करायला वाजवी वेळ देतात. अर्ज त्याने स्वतःच्या नावाने करायचा. मृत्यूचा दाखला जोडायचा, इतर वारसांची हरकत नसल्याचं लिहून आणायचं. दुकान उघडायचा परवाना वेगळा, सिलिंडर साठवायचा वेगळा, तो जुना गॅस विकायची नोंदणी वेगळी. तुम्ही सगळ्याला लायसनच म्हणता म्हणून घोटाळा होतो.

"आन बाई असली तं?" चाचींनी विचारलं.

"बाई असली तर काय?"

"चालते?"

"मी काय आहे?" त्या म्हणाल्या. "नियमात माणूस लिहिलंय. बाई नको असं कुठंही लिहिलेलं नाही."

चाची पिशवीतल्या सिलिंडरवर हात ठेवून बसून राहिल्या. तेवढ्यात मीही संधी साधून माझी एक शंका विचारली. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला दुकानात असा एखाद-दुसरा सिलिंडर बाळगायला कोणतं लायसन लागतं? बाई म्हणाल्या, तुमच्या या गॅसला, तेवढ्याला, साठवणुकीचं लायसन लागत नाही. मी कोटाचं बटण लावून घेतलं. धाड पडेल या भीतीने मी कित्येक वर्षं माझा सिलिंडर घरात गव्हाच्या कोठीत पुरून ठेवत होतो, आणि बायको दर वेळी पोळ्यांना तेलकट वास येतो म्हणून गिरणीवाल्याशी भांडत होती.

आता हरकत नसल्याचं जब्बारभाईंकडून लिहून घ्यायचं होतं. ते तयार होईनात. मी म्हणालो, त्यांना नोटीस देऊ. चाची म्हणाल्या, "तुया नोटिशीपासून अल्ला बचावे. मी पाह्यतो." रमजान ईदच्या दिवशी मी अकोल्यात होतो. चाचींचा शीरखुर्मा त्या मोहल्ल्यात नावाजलेला. दर ईदला पहिला डबा जब्बारभाईंच्या घरी जायचा. त्या वर्षी सगळीकडे डबे गेले, तिथे गेला नाही. पातेल्यावरचं झाकण काढून चाची दारात बसून राहिल्या. दुपारपर्यंत जब्बारभाईंनी दम काढला. मग स्वतःच आले, उभ्यानेच विचारलं, "भाभी, कुछ भूल गईं क्या?"

"मी नाई भुलली," चाची म्हणाल्या. "तुमी भुलले. या दुकानातला सिलिंडर तुमच्या भावानं कमी अन् मी जास्त उचलला."

जब्बारभाई पातेल्यात डोकावले. मग म्हणाले, "कुठं सही करायची?" ते मराठीत बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. सही झाल्यावर त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी घरी नेली.

लायसन आलं तेव्हा चाचींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पाकीट फोडलेलंच नव्हतं. "तूच वाच," म्हणाल्या. मी वाचलं. वर नंबर होता, खाली पत्ता, मध्ये नाव. श्रीमती मेहरुन्निसा हबीब खान.

"नाव अजून एकदा वाच."

मी वाचलं.

"एकदा अजून."

मी पुन्हा वाचलं आणि विचारलं, "काही चुकलंय का चाची?" माझं काहीतरी चुकलेलं असणार, याची मला तोवर सवय झाली होती.

"नाई रे," त्या म्हणाल्या. "हे नाव निकाहच्या दिवशी काजीनं घेतलं होतं. त्याच्यानंतर आज तू घेतलं. मधी मी नुसती हबीबची बायको होती, मंग चाची झाली." त्यांनी चौकटीतून चाचांचं लायसन काढलं नाही. त्याच्या शेजारी दुसरी चौकट लावली. त्या दिवसापासून दोन काचा पुसायच्या.

पुढे बारा नंबर गेला, नवे नंबर आले. चाचींना ते नंबर पाठ व्हायचे नाहीत. त्या सिलिंडरच्या रंगावरून माल द्यायच्या, आणि एकदा चुकून मला बावीसच्या ऐवजी भलताच दिला. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, "वकील, भरला तं नाई न? काल निळा मले हिरवा दिसला." मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन झाल्यावर मला बघून म्हणाल्या, "हाय अल्ला, तू इतका म्हातारा कवा झाला?"

गेल्या उन्हाळ्यात चाची गेल्या. मला बातमी उशिरा कळली, तोवर दफन झालं होतं. दुसऱ्या दिवशी निघालो. बायकोने विचारलं, "आता सिलिंडर कशाला नेताय?" मी म्हणालो, असू दे. तबल्यासारखाच चादरीत गुंडाळला. कंडक्टर तरुण पोरगा होता, त्याने विचारलं, मी खरं सांगितलं, रिकामा आहे. त्याने वाकून उचलून पाहिला आणि सीटखाली सरकवून दिला.

शटर खाली होतं. त्याच्यासमोर रांग लागलेली होती. लोखंडी थोडे, नवे पत्र्याचे जास्त, प्रत्येकावर खडूने नाव. मी माझा शेवटी ठेवला. खडू नव्हता, म्हणून खिशातल्या पेनने कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'वकील', आणि चावीत खोचलं.

जब्बारभाई आले. फार थकलेले दिसत होते. त्यांनी शटर वर केलं, आत जाऊन एक पाकीट आणलं. "कल ही आया है," म्हणाले. "मेरी समझ में नहीं आता. तुम्ही वाचा वकीलसाब."

नागपूरचं पत्र होतं. लायसनची मुदत संपत आहे, तरी अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. मी ते त्यांना सांगितलं. माझ्या कानात 'यायले आता नागपूरले कोन नेते?' हा चाचींचा प्रश्न वाजला, आणि तो विचारून हसायला आता त्या नव्हत्या.

"आता हे चालवायचं कोणी?" मी विचारलं.

"मेरी बेटी शबाना कहती है, मैं चलाऊँगी," जब्बारभाई म्हणाले. "अर्ज तुम्ही लिहून द्या."

"लिहितो," मी म्हणालो. "तिच्या स्वतःच्या नावाने." एवढं तरी मी शिकलो होतो.

मग त्यांनी पाकिटाकडे बोट केलं. "वर काय लिहिलंय? किसके नाम से आया?"

मी वाचलं, श्रीमती मेहरुन्निसा हबीब खान.

आत भिंतीवर दोन्ही काचांवर बारीक धूळ बसली होती. जब्बारभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्या पुसायला लागले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, कुणी सांगितलंही नाही. मी पाकीट उजेडाकडे धरलं आणि नाव अजून एकदा वाचलं.